उतारावरचं पेट्रोल

मोहर गळून आंब्याला वाटाण्याएवढी कैरी धरली आणि दुपारचा वारा गरम व्हायला लागला, की आमच्या मालगुंडच्या रस्त्याला त्या गाड्या दिसू लागतात. उंच, पोट सुटलेल्या, मागे दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचे पेटारे लावलेल्या. त्यांना ॲडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात. चार-पाच जणांची टोळी मुंबई-पुण्याकडून निघते आणि किनाऱ्याच्या रस्त्याने खाली गोव्याकडे जाते. सोलकढी प्यायला ती टोळी आमच्या नाक्यावर थांबली, की दुकानाच्या फळीवर बसलेली माणसं उठतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, टायर पायाने टोचून बघतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "किती देते?"

कुठून आलात, कुठे चाललात, ऊन लागलं का, हे सगळं नंतर. आधी किती देते. म्हणजे लिटरला किती किलोमीटर. तो हेल्मेटमधून घामेजलेला माणूस ओशाळल्यासारखं हसतो आणि म्हणतो, वीस-बावीस. मग आमची माणसं एकमेकांकडे बघतात, ओठ बाहेर काढतात, "एवढ्यातच?" म्हणतात आणि फळीवर परत जाऊन बसतात. त्यांना दिवसभर पुरेल एवढा आनंद झालेला असतो.

हा प्रश्न ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तशीच एक गाडी आमच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. ती माझी नाही, माझ्या थोरल्या भावाची, इक्बालभाईची आहे. त्या एका मोसमात, दिवाळीपासून रमजानपर्यंत, हा प्रश्न त्याला किती वेळा विचारला गेला ते मी ऐकलंय. मी गणित शिकवतो शाळेत, पण तेवढं मोजणं मलाही जमलं नसतं.

भाई बावीस वर्षं मस्कतला होता. डिझेल जनरेटरचा मेकॅनिक. वाळवंटात कुठे रस्त्याचं, कुठे पाइपलाइनचं काम चाललेलं असायचं, तिथे पत्र्याच्या खोलीत जनरेटरशेजारी राहायचं आणि तो बंद पडू द्यायचा नाही, हे त्याचं काम. इंजिनाला हात न लावता, नुसतं ऐकून तो सांगायचा की कुठे दुखतंय. दोन वर्षांतून एकदा यायचा. आमच्या घरातली फरशी, अम्मीच्या डोळ्यांचं ऑपरेशन, माझं बी.एड., बहिणीचं लग्न, सगळं त्या जनरेटरच्या आवाजावर झालं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, आणि आम्हीही कधी काढलं नाही.

मग तो कायमचा परत आला. पावसाळा संपून भातं कापली जात होती. भाई पंधरा दिवस नुसता झोपला. सोळाव्या दिवशी रत्नागिरीला गेला आणि संध्याकाळी ही गाडी घेऊन आला. पत्र्याच्या खोलीत भिंतीला तिचं चित्र चिकटवलेलं होतं, असं भाभीने नंतर मला सांगितलं. भाभीला तो तेव्हापासून सांगत आला होता की परत आलो की दोघं जाऊ, समुद्र उजव्या हाताला ठेवून, कन्याकुमारीपर्यंत. भाभी पेट्रोलचं एक अक्षर बोलली नाही. तिने एवढंच विचारलं की मागच्या सीटवर बुरख्याचा घोळ चाकात तर जाणार नाही ना. भाई म्हणाला, "पेटारे मध्ये येतात, नाय जात." त्या दिवशी तो जसा हसला तसा मी त्याला लहानपणी, पहिल्यांदा पोहता आलं तेव्हा हसताना पाहिलं होतं.

अम्मीने नजर लागू नये म्हणून गाडीवरून सदका उतरवला, दुआ केली, हँडलला हात लावून तोच हात छातीला लावला. आणि मग म्हणाली, "देखणी हाय रे बाबा. किती देते?"

भाई म्हणाला, "पंचवीसपर्यंत देईल, अम्मी."

"तुज्या अब्बांची स्कूटर पन्नास देयाची."

झालं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात, गाडीच्या तोंडाला काळं फासलं गेलं.

आता सरळ हिशेबाने बोलायचं तर एवढी जड गाडी, त्यावर माणूस, पुढे वाऱ्याला अडवणारी रुंद छाती, ती शंभर सीसीच्या फटफटीसारखी साठ-सत्तर देणार कशी? कंपनीच्या कागदावरचा आकडा काढलेला असतो कुठल्या तरी बंद शेडमध्ये, गाडी फिरत्या रोलरांवर उभी करून, जिथे वारा नाही, वळण नाही, म्हशी नाहीत. आमच्याकडे आरे-वारेचा रस्ता आहे. तो चढतो, वळतो, उतरतो, पूल ओलांडतो आणि परत चढतो. वाऱ्याने रस्त्यावर वाळू आलेली असते. समोरून वाळूइतक्याच बेभरवशाची पर्यटकांची गाडी येते. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात कण्हत जाणारी गाडी अठराच देणार. हीच गाडी मोकळ्या रस्त्याला वरच्या गिअरात, ऐंशीच्या संथ वेगाने सोडली तर अठ्ठावीसला जाऊन टेकते, हे मी पाहिलंय. पेट्रोलमध्ये इथेनॉल यायला लागल्यापासून आकडा आणखी घसरला असंही जो तो म्हणतो. खरं किती, खोटं किती, मला माहीत नाही. पण हे सगळं ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? प्रश्न एका ओळीचा होता आणि उत्तरही एका आकड्याचंच हवं होतं.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या गावात लग्नाच्या मांडवाबाहेर तासतासभर एसीसाठी गाड्या चालू ठेवतात, त्या गावात हा प्रश्न. आमचे दुल्हाभाई, म्हणजे बहिणीचे यजमान, फणसोपला राहतात. ते आपल्या चारचाकीतून नाक्यावरच्या टपरीवर तंबाखू आणायला जातात. चालत गेलं तर गाडी वळवायला लागतो तेवढाच वेळ लागेल. ते आमच्याकडे येत, भाईने मस्कतहून आणलेल्या पंख्याखाली पाय सोडून बसत आणि भाईला विचारत, "काय मग, हत्ती पोसायला परवडतो ना?" हे विचारताना त्यांची गाडी अंगणात घुरघुरत उभी असायची, कारण आत पोरं कार्टून बघत असायची.

लोकांना पेट्रोलचं दुःख नव्हतं. बावीस वर्षं जो माणूस इतरांसाठी जळत राहिला, त्याने एक गोष्ट नुसत्या हौसेसाठी घेतली, याचं दुखणं होतं. बहिणीच्या लग्नात शोभेची दारू उडवली असती तर चाललं असतं. घरावर घर चढवलं असतं तर लोक वाखाणत आले असते. पण बिनकामाचं फिरायचं? भाईसारख्या माणसाने? ते कुणाच्याच पोटात ठरलं नाही.

म्हणून भाईने गाडीला काम दिलं. मिरकरवाड्याच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात त्याला कॉम्प्रेसर सांभाळायची नोकरी मिळाली. सकाळी साताला मालगुंडहून निघायचं, पंचवीस-तीस किलोमीटर जायचं, संध्याकाळी तेवढंच परत. एस.टी.ने गेला असता, पण सकाळच्या एस.टी.चं आमच्याकडे काय चाललंय ते एस.टी.लाच ठाऊक. अम्मी खूश झाली. गाडी आता कामाला जाते, असं ती शेजारणींना सांगायची. कन्याकुमारी जानेवारीत ठरली होती, ती नोकरी नवीन म्हणून शिमग्याच्या सुट्टीवर गेली.

ते दिवस डोळ्यांपुढे आले की मला आधी वास आठवतात. पहाटे पडवीत गाडी सुरू व्हायची तेव्हाचा पेट्रोलचा आणि दवाने भिजलेल्या गवताचा. परत यायचा तेव्हा भाईच्या कपड्यांना अमोनियाचा, मासळीचा, गरम रबराचा. काजूची बोंडं पिकायला लागली होती, त्यांचा उग्र गोड दर्प रस्ताभर असायचा. दुपारी कातळावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं, आणि संध्याकाळी आरे-वारेच्या वरच्या वळणावरून खाली दोन्ही किनारे एकदम दिसायचे. शाळा सुटली की कधीकधी मी रत्नागिरीला काही काम काढून भाईच्या मागे बसून यायचो. तेव्हा माझ्या एक ध्यानात आलं. भाई समुद्राकडे बघतच नसे.

त्या गाडीला पुढे एक छोटा पडदा आहे. त्यावर या घटकेला गाडी लिटरला किती देते ते दिसतं. थ्रॉटल जरा पिळला की आकडा आपटतो, सोडला की चढतो. भाईची नजर तिथे. चढावर सात, आठ, नऊ. भाईचा खांदा आखडायचा. सपाटीला पंचवीस, तीस. खांदा सैल. बावीस वर्षं ज्याने वाळवंटात या रस्त्याची वाट पाहिली, तो माणूस त्या रस्त्यावर तळहाताएवढ्या पडद्यात बघत चालला होता, कारण घरी पोचल्यावर अम्मी विचारणार होती. मी मागे बसून एकटाच समुद्र बघायचो, आणि मला त्याची लाज वाटायची नाही, ही खरी लाजेची गोष्ट.

त्या मोसमात एकदाच ती गाडी ज्यासाठी घेतली तशी चालली. एका रविवारी भाई म्हणाला, चल, बुरोंडीला जनूला भेटून येऊ. जनू तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, भाईचा जुना दोस्त. मस्कतला जाण्याआधी भाई दोन मोसम त्याच्या होडीवर इंजिन सांभाळायला होता. भाभीला ताप होता म्हणून मी गेलो. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली, पलीकडे तवसाळला उतरलो, गुहागर मागे टाकलं, धोपाव्याला परत बोट, परत दाभोळला जमीन. फेरीबोटीत गाडी स्टँडवर उभी आणि आम्ही कठड्याशी. भाई म्हणाला, "आता बघ, पेट्रोलाचा एक थेंब नाय आणि गाडी चाललीय. अम्मीला सांगायला हवा." आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्याचं तसं हसणं मी मग बरेच दिवस ऐकलं नाही.

बुरोंडीला जनू तांडेल वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत बसला होता. गाडी बघून त्याने टायर टोचला नाही. सरळ वर चढून बसला, हँडल धरलं आणि पाण्याकडे बघितलं. मग उतरून म्हणाला, "ब्येस हाय. कुठवर जाशील हिला घेऊन?"

मी दचकलो. हा प्रश्न त्या गाडीला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"कन्याकुमारी म्हणतोय," भाई म्हणाला. "पण लोक विचारतात, किती देते."

जनू तांडेल खो खो हसला. "किलोमीटरावर? दर्यात किलोमीटर कुटं असतो रे? आमी तासावर मोजताव. वारा उलटा फिरला, पाण्याला ओढ आली, की तासभर डिझेल जाळून होडी हाय तिथंच. मग काय इंजिनाला शिव्या घालशील?" त्याने शेडमधल्या एका निळ्या कॅनकडे बोट दाखवलं. "तो परतीचा. त्याला हात लावायचा नाय. बाकीचा जाळायसाठीच घेतलेला असतो. परत यायला पुरला म्हंजे झाला."

येताना भाईने पडद्यावर रुमाल टाकला होता. दाभोळच्या चढावर त्याने गाडी अशी सोडली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी गाडीने लिटरला किती दिलं मला माहीत नाही. त्या मोसमातला तेवढा एकच दिवस आकड्याशिवायचा आहे.

पण घरी दुल्हाभाई बसलेले. "बुरोंडी? नुसता भेटायला? एवढा पेट्रोल?" अम्मीने ताट जरा आदळून ठेवलं. बांगड्याचं तिखलं खाताना कुणी वर बघेना. मला त्या शांततेचा वैताग आला. मी दुल्हाभाईंना म्हणायला हवं होतं की आधी अंगणातली तुमची गाडी बंद करा. ते म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी मध्यस्थाचा आव आणून तोंड उघडलं. अजून ते वाक्य आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणालो, "भाई, आरे-वारेच्या उतारावर बंद करून सोड ना. रोजचे दोन उतार. दोन-तीनाने सहज वाढेल."

ज्याने आमच्याकडे दिवस काढले नाहीत त्याला हे कळायचं नाही. उतार लागला की इंजिन बंद करणं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. अब्बांची स्कूटर होती तेव्हा घाटमाथ्यावर आलं की ते चावी फिरवत. एकदम शांत व्हायचं. चाकांची सरसर आणि समुद्राचा आवाज, बस्स. मी पुढे उभा, भाई मागे, आणि अब्बा म्हणायचे, "हे आता फुकटाचं." खालच्या पुलापर्यंत किती दूर जातो याची आमची पैज लागायची. रिक्षावाले तेच करत, टेंपोवाले तेच करत. फुकटाच्या उतारावर इंजिन चालू ठेवणारा माणूस आमच्या लेखी उधळ्या. अम्मीच्या चेहऱ्यावर अब्बांची आठवण आली. ती म्हणाली, "बघ, धाकट्याला तरी कळता."

भाईने माझ्याकडे बघितलं. मग ताटातला काटा काढत राहिला.

गेली काही वर्षं रमजान आणि शिमगा आमच्याकडे हातात हात घालून येतात. त्या वर्षीही आले. एकीकडे पालखी नाचवायची तयारी, ढोल, चाकरमान्यांच्या गाड्या. दुसरीकडे आमचे रोजे. उन्हाने कातळ तापलेला. भाई रोजा धरून कामावर जायचा आणि इफ्तारीला घरी पोचायचा. पोचल्यावर खजूर तोंडात टाकायच्या आधी अम्मीला आकडा सांगायचा. "आज तेवीस." दुसऱ्या दिवशी, "आज साडेतेवीस." अम्मी खूश. मीही खूश. बी.एड. झालेला मी, सरासरी शिकवणारा मी, दर वर्षी मुलांना सांगतो की सरासरीत चढही दिसत नाही आणि उतारही. घरात मात्र त्या साडेतेवीसला मान डोलावत होतो.

कन्याकुमारीला चार दिवस उरले होते. ईद झाली की निघायचं, असं बदलून ठरलं होतं. भाभीने पेटाऱ्यात बसतील अशा दोन पिशव्या शिवल्या होत्या. त्या संध्याकाळी कलिंगड कापून झालं, सरबत झालं, अजानला दहा मिनिटं होती आणि भाई आला नव्हता. मग फोन आला. भंडारपुळ्याच्या एका रिक्षावाल्याचा. भाई आरे-वारेच्या उतारावर पडला होता.

झालं होतं ते इतकंच. माथ्यावर त्याने अब्बांसारखी चावी फिरवली. इंजिन बंद. स्कूटर होती निम्म्या वजनाची. ही धुडासारखी जड, उतारावर तिला इंजिनाचा आवर राहिला नाही. चावी बंद म्हणून ब्रेक सांभाळणारी सगळी यंत्रणाही झोपलेली. वळणावर खडी पसरली होती. मागचं चाक जाम झालं आणि गाडी आडवी घसरत गेली. गळपट्टीचं हाड आणि घोटा मोडला. रिक्षावाला म्हणाला, भाईला उचललं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, पाणी नको, रोजा आहे.

रत्नागिरीच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ बसलो होतो. गाडी उचलून नेणाऱ्या मेकॅनिकने सकाळी मला जे सांगितलं होतं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. नव्या गाड्यांचं इंजिन, गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल सोडला तर उतारावर पेट्रोल घेतच नाही. एक थेंब नाही. बंद करून वाचवायला तिथे काही नव्हतंच.

"भाई, तुला हे माहीत नव्हतं?"

तो छताकडे बघत होता. "बावीस वर्षं इंजिनं उघडली. मला ठावूक नसेल?"

"मग बंद का केलीस?"

त्याने चांगल्या हाताने चादर वर ओढली. मग म्हणाला, "घरी येऊन सांगता यायचा ना, की उतारावर बंद करतो म्हणून. अम्मीला बरा वाटायचा. तुलापण." आणि त्याने डोळे मिटले.

आकडा वाढला होता तो भाईने वेग आवरून, वारा चुकवून, गाडी जीव मुठीत धरून चालवली म्हणून. उतारावरचं बंद इंजिन हे निव्वळ आमच्यासाठी होतं. ज्या माणसाला इंजिनाची नस न नस कळते, त्याने आमच्या अडाणीपणाला मान दिला आणि त्यासाठी स्वतःची हाडं मोडून घेतली. तिथून पुढे मला गावाचा राग येतो म्हणतो, दुल्हाभाईंचा येतो म्हणतो. येतोच. पण त्या रागाची खरी मुळी कुठे आहे ते मी जाणतो. ते वाक्य माझं होतं.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. हाडं जुळली. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, गाडी विक. जी गाडी आम्ही पाडली तिच्यावरच खापर. दुल्हाभाईंनी तर गिऱ्हाईक आणलं, आणि गिऱ्हाईकाने अंगणात पाऊल टाकताच विचारलं, किती देते. भाई लंगडत उठला, गाडीवर ताडपत्री टाकली, चारी कोपरे दोरीने बांधले. पावसाळा ओसरला तसा त्याने मस्कतला जुन्या साहेबाला फोन लावला. परत तिकडे जाताना मला एवढंच म्हणाला, "विकू नको. आठवड्यातून एकदा चालू कर. उभी राहून इंजिन मरतो." भाभीने त्या दोन पिशव्या कपाटात वर ठेवल्या. समुद्र उजव्या हाताला ठेवून कुणीही कुठेही गेलं नाही.

त्याने तक्रार केली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडच्या कमावत्या माणसांना तक्रार करता येत नाही, आणि आम्ही त्याला त्यांचा स्वभाव म्हणून मोकळे होतो. तो स्वभाव नसतो. पिढ्यान्‌पिढ्या दर माणसामागे आपण विचारत आलोय की हा किती देतो, आणि तो कुठवर जाणार, त्याला कुठवर जायचंय, हे विचारायला बुरोंडीचा एक अडाणी तांडेल लागतो.

परवा पेट्रोल भरायला पंपावर गेलो. आता आठवड्यातून एकदा मी ती गाडी रत्नागिरीपर्यंत नेऊन आणतो. उतार गिअरमध्ये उतरतो. पंपावर एक ओळखीचे गृहस्थ, आमच्याच शाळेच्या एका मुलाचे वडील, स्कूटरवर बसले होते. उतरून फेरी मारली, टायर टोचला. "गुरुजी, भारी हाय. किती देते?"

मी म्हणालो, "विचारू नका."

"अहो, सहज—"

"सहजच विचारता सगळे. या गाडीचं काहीही विचारा, ते सोडून."

माणूस गोंधळला. माझा आवाज चढला होता. पंपावरची मुलगी नळी हातात धरून बघत राहिली. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. कैऱ्या धरल्या होत्या, वारा गरम होता, आणि माझ्याकडून राहवलं नाही.

शुक्रवारी मस्कतला भाईला सुट्टी असते. जुम्म्यानंतर त्याचा व्हिडिओ कॉल येतो. सगळ्यांची चौकशी होते, भाभी बोलते, मग तो म्हणतो, "चालू कर." मी ताडपत्री काढतो, चावी फिरवतो, बटण दाबतो. भाभी फोन घेऊन सायलेन्सरजवळ बसते. भाई तिकडे डोळे मिटून ऐकतो. कधी म्हणतो, चेन सैल झालीय. कधी म्हणतो, थोडा दे. मी थ्रॉटल पिळतो. पडवीत आवाज भरतो, कोंबड्या पळतात.

या शुक्रवारीही तसंच. भाई आज काहीच दुरुस्ती सांगत नव्हता. फोनच्या पडद्यावर त्याच्या खोलीची पत्र्याची भिंत, त्यावर चित्र नव्हतं, नुसता चिकटपट्टीचा चौकोन होता. इंजिन मंद धडधडत होतं. गाडी जागची हलत नव्हती आणि तिच्या पुढच्या पडद्यावर सरासरीचा आकडा दशांशादशांशाने खाली येत होता. पाच मिनिटं झाली, सहा झाली. मला सवयीने अम्मीची भीती वाटली. ती दारात खुर्ची टाकून बसली होती. मी पुढे वाकून चावीला हात घातला.

"बंद करू नको," अम्मी म्हणाली.

मी मागे बघितलं.

"ऱ्हाऊदे चालू. ऐकतोय तो."